सोसायटीची जुनी लॉन मशीन: दुरुस्त करायची की भंगारात घालायची?

धरमपेठचा शेजारी
गवत कापायची आमची पेट्रोल मशीन यंदा सुरूच होईना. लोखंडी डेकची (ब्लेडवरचं झाकण), दोरी ओढून चालू करायची, बारा-तेरा वर्षं जुनी. मिस्त्रीने नवा कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग), नवं ब्लेड, नळ्या आणि मजुरी धरून साडेचार हजार सांगितले. तशीच नवी पंचवीस हजारांच्या आसपास जाते. सभेत दोन तट पडलेत, तिकडे गवत गुडघ्याला आलंय. माझं मत दुरुस्तीच्या बाजूने. दोरी ओढताना अजून हाताला चांगला जोर लागतो, म्हणजे कॉम्प्रेशन, इंजिनातला दाब, शाबूत आहे. इंजिन जिवंत असताना मशीन मोडीत का काढायची?

हिशेबी माणूस
भाऊ, साडेचार हजार फक्त आजचे. पुढच्या जुलैत पुली, मग चाकं, मग क्लचची केबल. आमच्या कॉलनीने अशीच तीन पावसाळे मलमपट्टी केली आणि शेवटी नवी घ्यावीच लागली. त्यात जुन्या मॉडेलचे पार्ट मिळत नाहीत, मिस्त्री दुसरं काहीतरी घासून बसवतो. सरळ नवी घ्या, वॉरंटी तरी मिळेल.

कारागीर
मशीन किती जुनी यापेक्षा बिघाड कुठे आहे ते बघा. आपल्याकडे गवत जोमाने वाढतं ते जुलै ते ऑक्टोबर, बाकी वेळ मशीन जिन्याखाली धूळ खाते. टाकीत पेट्रोल तसंच राहतं. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉलवालं. (इथेनॉलचा सगळ्यात मोठा पुरस्कर्ता आपलाच खासदार गडकरी, म्हणून नागपूरकरांनी निमूट भरायचं!) इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं, पाणी तळाला बसतं, जेटमध्ये, म्हणजे कार्बोरेटरच्या बारीक भोकात, चिकटा साचतो, जुनी रबरी नळी फुगते. कार्बोरेटर उघडून बघा, वाटीत पांढरट भुकटी दिसली तर आधी नीट साफ करून पाहा, नवा लागेलच असं नाही.
आणि नवी घेणाऱ्यांनी पुस्तिका वाचा. बऱ्याच छोट्या इंजिनांना १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालतं असं लिहिलेलं असतं. पेट्रोल टाकीत ठेवायची सवय सुटली नाही तर नवीही अशीच रुसणार.

सक्करदऱ्याचा पोट्टा
काहून एवढा घोळ घालून राहिले राजेहो? खांद्यावरचा ग्रास कटर घ्या, अर्ध्याहून कमी पैशात काम होते. नाहीतर कटरवाला माणूस बोलवा, दोन तासात सफाचट.

धरमपेठचा शेजारी
बोलावला होता ना मागच्या वर्षी. दगड उडाला आणि एकाच्या गाडीची काच गेली. शिवाय लॉन असं दिसत होतं की न्हाव्याने अर्धवट सोडलेलं डोकं.

बजाजनगरच्या ताई
विजेवरची का नको? धूर नाही, आवाज कमी, कार्बोरेटरची भानगडच नाही.

हिशेबी माणूस
ताई, गवत वाढतं भर पावसात. ओल्या गवतात वायर ओढत फिरणं माळ्याच्या जिवाशी खेळ आहे. बॅटरीची चालेल, पण ती महाग आणि बॅटरी गेली की परत खर्च.

सक्करदऱ्याचा पोट्टा
मे महिन्यात ४५ डिग्रीत ज्या लॉनला टँकरचं पाणी पाजता, ते लॉनच काढून टाका ना बे!

कारागीर
तो वेगळा विषय, त्यावर भांडायला उन्हाळा आहे. शेजारीदादा, पैसे देण्याआधी शाफ्ट, म्हणजे ब्लेड फिरवणारा इंजिनाचा दांडा, तपासा. प्लगची वायर काढा, मग मशीन आडवी करा. एअर फिल्टर वरच्या बाजूला राहू द्या, नाहीतर त्यात ऑइल उतरतं. ब्लेड हाताने सावकाश फिरवून दोन्ही टोकं डेकच्या काठापासून सारख्याच अंतरावरून जातात का बघा. फरक दिसला तर ब्लेड वाकलंय की शाफ्ट, हे मिस्त्रीकडून ठरवून घ्या. दगडावर आपटून शाफ्ट वाकला असेल तर मी स्वतः म्हणेन, भंगारात द्या. ते काम परवडत नाही आणि मशीन हात सुन्न होईपर्यंत थरथरते.
ब्लेडला तडा नसेल तर धार लावून घ्या. मग मधल्या भोकातून खिळ्यावर अडकवा; जी बाजू खाली झुकते ती थोडी घासायची.

धरमपेठचा शेजारी
पाहिलं. दोन्ही टोकांचं अंतर सारखं आहे. वाटीत भुकटी होतीच. मिस्त्री म्हणतो साफ करून बघू, ब्लेडला धार लावू, नळ्या मात्र नव्या. बिल दोन हजारांच्या आत येईल. रविवारच्या सभेत मांडतो.

हिशेबी माणूस
दोन हजारांना माझीही ना नाही. पण ऑक्टोबरात टाकी रिकामी कोण करणार, ते नाव सभेच्या वहीत लिहून घ्या. नाहीतर माळी म्हणेल सचिवांचं काम, सचिव म्हणतील माळ्याचं.