प्लेटी मोडीत काढा म्हणणाऱ्यांना

मायक्रोवाली, वाळूज
"लेझरचा काउंटर आला, आता पेट्री प्लेटी मोडीत काढा, मायक्रोची अर्धी माणसं कमी होतील." काल एका फार्मा ग्रुपवर ही पोस्ट वाचली आणि रात्रभर डोक्यातून गेली नाही. मायक्रो म्हणजे जंतू तपासणारी लॅब. तिथे बारा वर्षं प्लेटी वाचतेय मी, म्हणजे औषध भरायच्या खोलीतले जंतू पोषक थरावर वाढवून मोजतेय. ते लेझरचं यंत्र हवेतले जंतू मोजत नाही हो, चमक मोजतं. ४०५ नॅनोमीटरचा लेझर कणावर पडला, कणात एनएडीएच किंवा रायबोफ्लेविन, ही जिवंत पेशीतली द्रव्यं, असली की तो चमकतो. पण पुसायच्या कापडाचा तंतूही चमकू शकतो. प्लेटवर आलेली कॉलनी, म्हणजे वाढलेल्या जंतूंचा ठिपका, मला उचलून ओळखता येते. स्टॅफिलोकोकस हा जंतू निघाला तर माणसाच्या अंगावरून, बुरशी निघाली तर पुठ्ठा नाहीतर ओल शोधा. यंत्र कोणाकडे बोट दाखवणार?

फिलिंगवाला
ताई, तुमची ओळख पटेपर्यंत आमचा जीव जातो. ग्रेड ए मध्ये, म्हणजे औषध भरतात त्या सगळ्यात स्वच्छ जागी, एक कॉलनी आली होती. प्लेट सोमवारी लावलेली, कळलं पुढच्या सोमवारी. तोवर त्याच लाइनवर आणखी चार बॅचेस भरून झाल्या. मग चौकशी, स्टॉपर बाउलपाशी, बाटल्यांची बुचं असतात तिथे, हात कोणी घातला? आठवडाभरानं कोणाला आठवतंय? 'ऑपरेटरला पुन्हा ट्रेनिंग' लिहून फाइल बंद. तो ऑपरेटर मी. ॲनेक्स १, म्हणजे निर्जंतुक औषधांची युरोपची नियमावली, तिच्या २०२२ च्या आवृत्तीतच जंतू शोधायच्या जलद पद्धतींचा विचार करा म्हटलंय.

मायक्रोवाली, वाळूज
म्हटलंय, पण जुन्या पद्धतीइतकी किंवा तिच्याहून सरस ठरली तर. हे सगळे गाळतात. ग्रेड ए ला 'वाढ नको' ही अट कॉलनीची आहे. किती चमकते कण म्हणजे एक कॉलनी? असा गुणाकारच नाही.

वेर्ण्याहून
प्लेटींचा एवढा अभिमान नको. माझ्या जुन्या कंपनीत तीन वर्षं रजिस्टरभर 'निल', म्हणजे एकही कॉलनी नाही. ग्रेड बी मध्ये, म्हणजे ए च्या भोवतीच्या खोलीत, माणसं वावरतात, हवेच्या घनमीटरला १० कॉलन्यांपर्यंत चालतात, तरी निल! मी एकदा २ लिहिले, तर सिनियर म्हणाले, "नीट बघ." मी नीट बघितलं आणि निल लिहिलं. अजून सलतं ते.

मायक्रोवाली, वाळूज
म्हणजे आम्ही सगळ्या खोटारड्या? रात्रपाळीला दोघींवर दोनशे प्लेटी टाकता, चुकलं की आमचं नाव. निल लिहायला लावणाऱ्याचं नाव कुठल्या रजिस्टरात आहे?

वेर्ण्याहून
तुम्हाला नाही म्हटलं. मला स्वतःला म्हटलं. यंत्र असतं तर वेळेसकट आकडा राहिला असता, एवढंच.

क्यूए (गुणवत्ता विभाग), रात्रपाळी
राहतो कसला! कणमोजणीच्या यंत्रावर अलार्म सारखा वाजतो म्हणून मर्यादाच वाढवून ठेवलेली मी पाहिलीय. दडवणारा माणूस यंत्र बदललं म्हणून सुधारत नाही.

फिलिंगवाला
मग आहे तेच चालू द्यायचं? माझ्या भाचीला सलाइन लागलं तेव्हा बाटली उजेडात धरून बघत बसलो होतो मी. या धंद्यातला माणूस असून.

मायक्रोवाली, वाळूज
बरं, एक कबूल करते, मनाविरुद्ध. चार तास एलएएफखाली, म्हणजे गाळलेल्या हवेच्या झोताखाली, उघड्या राहिलेल्या सेटल प्लेटचं ॲगर (तो पोषक थर) कडेनं आक्रसून सुटलेलं मी पाहिलंय. त्यावर बसलेला जंतू वाढलाच नाही, तर माझं निल खरं असूनही उपयोगाचं नाही. लावा यंत्र, पण प्लेटीशेजारी. आणि भर बॅचमध्ये अलार्म वाजला तर लाइन कोण थांबवणार, ते आधी लिहून द्या.

फिलिंगवाला
थांबवायचं बटण माझ्या हाताशीच आहे, ताई. ते दाबल्यावर ऑफिसात माझ्या बाजूनं कोण बोलणार, तेही त्याच कागदावर लिहा.