विधी शाखेत असतानाच सायबर कायद्याची तयारी कशी करावी?

कोपरीकर: ठाण्यात पाच वर्षांच्या एलएलबीच्या चौथ्या वर्षाला आहे. आयटी कायद्याकडे वळायचंय. वेगळा डिप्लोमा हवाच का?

कलम६३: डिप्लोमा नंतर. आधी पुरावा शिका, सायबर खटले बहुधा तिथेच घसरतात. १ जुलै २०२४ पासून इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५ब ऐवजी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ आहे. अशा पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्राचे दोन भाग: ‘अ’ पुरावा देणाऱ्या पक्षाने, ‘ब’ तज्ज्ञाने भरायचा. दोन्हींत हॅश मूल्य लागतं, म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेला तिचा अंक-अक्षरी ठसा. वर्ड फाइल उघडून पुन्हा सेव्ह केली की हॅश बदलतो. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो कॉम्प्रेस झालेला असतो, तोही मूळाशी जुळत नाही. म्हणून आधी हॅश काढा, मग काम प्रतीवर करा. घरी एसएचए-२५६ (हॅश काढायची एक पद्धत) वापरून बघा, फुकट आहे. सोबत ६५बच्या प्रमाणपत्रावरचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, खोतकर विरुद्ध गोरंट्याल (२०२०), पूर्ण वाचा, सारांश नको.

ऐरोली_नाका: नुसती फौजदारी बाजू धरू नका! आयटी कायद्याच्या कलम ४६ खाली ५ कोटींपर्यंतची भरपाई न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे (अशा तक्रारींवर निर्णय देणारा सरकारी अधिकारी) मागता येते. अपील टीडीसॅट या दूरसंचार अपील न्यायाधिकरणाकडे, ४५ दिवसांत. विद्यार्थी हा मार्ग विसरतात, दिवाणी दाव्याचा मसुदा करतात आणि कलम ६१ आडवं येतं, कारण ते अशा बाबतीत दिवाणी न्यायालयाला मनाई करतं.

इंटर्नशिपसाठी ऐरोली-महापेतल्या कंपन्यांचे विधी विभाग बघा. अर्जासोबत २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यानुसार स्वतः लिहिलेली संमती-सूचना जोडा: कोणता डेटा, कशासाठी, संमती मागे कशी घ्यायची, तक्रार कुठे. दीड पान पुरे.