नोटपॅड प्लस प्लसच्या जागी केट
विंडोज सोडून लिनक्सवर आल्यावर नोटपॅड प्लस प्लस या एडिटरच्या (साधा मजकूर लिहायच्या प्रोग्रामच्या) जागी काय घ्यावं, असं तुम्ही विचारलंय आणि वर दोघांनी थेट विम हा एडिटर सुचवलाय. विम उत्तमच, १९९१ पासून टिकून आहे, पण पहिल्याच आठवड्यात त्याच्या वाटेला जाऊ नका. मी भुसावळला घरच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट टाकलं तेव्हा केट हा एडिटर घेतला, अजून तोच वापरतो. टॅब, शोधा-बदला, उभी निवड म्हणजे अनेक ओळींतला उभा पट्टा निवडणं (कंट्रोल-शिफ्ट-बी), सगळं हाताशी. अगदी हलकंच हवं असेल तर जीनी हा एडिटर घ्या.

खरी अडचण जुन्या फायलींची येते. आईकडून ऐकून टिपलेली अहिराणी शब्दांची यादी होती माझ्याकडे. विंडोज ओळ संपवताना न दिसणारी दोन चिन्हं टाकतं, लिनक्स एकच. त्यामुळे यादीतले शब्द शोधणारी माझी छोटी स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) ‘आंडोर’ (मुलगा) हा साधा शब्दच ओळखेना, शेवटी न दिसणारं एक चिन्ह चिकटलेलं! केटच्या टूल्स मेनूत ‘एंड ऑफ लाइन’ युनिक्स करून सेव्ह केलं आणि काम झालं. फाइल यूटीएफ-८ मध्येच ठेवा (अक्षरं साठवायची युनिकोडची पद्धत). जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधला मजकूर असेल तर तो आधी कन्व्हर्टरमधून काढा, नुसता एडिटर बदलून तो वाचता येणार नाही.