आयईएलटीएसच्या स्पीकिंग परीक्षेत स्वतःच्या खऱ्या छंदाविषयी बोलावे, की तयार उत्तर द्यावे?

प्रश्न: फोंड्याची परिचारिका

नमस्कार. मी फोंडा तालुक्यातील असून एका रुग्णालयात परिचारिका म्हणून काम करते. ब्रिटनमध्ये परिचारिका म्हणून नोंदणी व्हावी यासाठी मी आयईएलटीएसची (इंग्रजी भाषेच्या चाचणीची) अॅकॅडमिक परीक्षा देणार आहे. त्या नोंदणीसाठी वाचन, श्रवण आणि संभाषण या तिन्हींत किमान ७ व लेखनात ६.५ बँड (गुणश्रेणी) लागतो. वाचन आणि श्रवण सरावाने जमेल असे वाटते; अडचण आहे ती संभाषणाची, आणि त्यातही छंदाविषयीच्या प्रश्नांची.

मी ज्या शिकवणीला जाते तेथे आम्हां सर्वांना छंदाचे एकच उत्तर लिहून दिले आहे: वाचनाची आवड, पुस्तके हेच खरे मित्र, वाचनाने ज्ञानात भर पडते, वगैरे. ते मला तोंडपाठ आहे. परंतु हल्ली कोणते पुस्तक वाचले असे कोणी विचारले, तर अभ्यासक्रमाबाहेरचे एकही नाव मला चटकन सांगता येणार नाही.

प्रत्यक्षात मी मनापासून करते अशी गोष्ट एकच आहे. चवथीत (गणेशचतुर्थीत) आमच्या घरी व वाड्यावर (वस्तीत) ज्या आरत्या होतात, त्यांत मी घुमट (मातीच्या भांड्यावर कातडे ताणून केलेले गोव्याचे वाद्य) वाजवते. लहानपणी काकांचे पाहून शिकले आणि आता वाड्यावरच्या बायकांच्या पथकात आहे. चवथीच्या आधी माटोळीचे (गणपतीच्या वर टांगायच्या, रानातल्या फळाफुलांनी सजवलेल्या चौकटीचे) सामान आणण्यासाठी भावांबरोबर रानातही जाते. याखेरीज ड्युटी संपल्यावर मोबाइलवर मालिका पाहणे, एवढाच विरंगुळा. वर्षातून काही दिवसच होणाऱ्या गोष्टीला छंद म्हणता येईल का, आणि परीक्षकाला घुमट ठाऊक नसेल तर तो कसा असतो हे सांगण्यातच सगळा वेळ संपणार नाही का, अशा दोन शंका आहेत. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर: म्हापशाचा शिक्षक

ताई, ते पाठ केलेले उत्तर प्रथम बाजूला ठेवा. आपण खरे बोलता की कल्पित, हे तपासणे परीक्षकाचे काम नाही, त्यामुळे वाचनाविषयी खोटे सांगितले म्हणून कोणी गुण कापणार नाही. अडचण वेगळीच आहे. परीक्षक दिवसभरात तीच वाक्ये अनेकांच्या तोंडून ऐकत असतो, आणि पाठ केलेला मजकूर म्हणताना माणसाचा वेग, स्वर आणि वाक्यांची घडण त्याच्या एरवीच्या बोलण्याहून इतकी निराळी होते की ती लपत नाही. पुढचा साधा प्रश्न आला की उमेदवार अडखळतो, आणि मागचे सफाईदार उत्तर त्याचे स्वतःचे नव्हते हे तेथेच उघडे पडते. पाठांतराला श्रेय मिळत नाही. जे आयत्या वेळी बोलले जाते त्यावरच मोजमाप होते.

परीक्षेची रचना लक्षात घेतली तर हे अधिक स्पष्ट होईल. संपूर्ण संभाषण ११ ते १४ मिनिटांचे असते आणि ते ध्वनिमुद्रित होते. पहिल्या भागात ४ ते ५ मिनिटे घर, काम, शिक्षण, आवडीनिवडी अशा ओळखीच्या विषयांवर प्रश्न येतात. दुसऱ्या भागात एक कार्ड हाती देतात, त्यावर विषय आणि त्याखाली काही मुद्दे असतात. विचार करून टिपणे काढण्यासाठी १ मिनिट, कागद आणि पेन्सिल मिळते, आणि मग १ ते २ मिनिटे आपण एकट्याने बोलायचे असते. तिसऱ्या भागात ४ ते ५ मिनिटे त्याच विषयाशी संबंधित पण व्यापक स्वरूपाची चर्चा होते. छंद हा विषय या तिन्ही भागांत येऊ शकतो आणि प्रत्येक ठिकाणी त्याच्याकडून अपेक्षा निराळी असते. एकच उत्तर तिन्हीकडे चालवू पाहणारे विद्यार्थी येथेच फसतात.

पहिल्या भागात दोन ते चार वाक्यांपेक्षा अधिक बोलण्याची गरज नाही. फावल्या वेळात काय करता असे विचारल्यास मालिका पाहते हे सांगण्यातही गैर काही नाही. कोणत्या प्रकारच्या मालिका, कोणाबरोबर आणि कधी, एवढी भर घातली की उत्तर पुरेसे होते. लोक विषयाच्या प्रतिष्ठेची उगाच चिंता करतात. छंद किती थोर आहे यासाठी गुणपत्रिकेत रकानाच नाही. रकाने चार आहेत: ओघ व सुसंगती, शब्दसंपदा, व्याकरण आणि उच्चार, आणि चारहींचे वजन सारखे.

आता घुमटाविषयी. वर्षातून काही दिवसच वाजवला जातो म्हणून तो छंद ठरत नाही, असे समजण्याचे कारण नाही. उलट, केव्हा सुरू होते, सरावाला कधी जमता, बाकीचे महिने काय करता, हे सांगण्याची आयती संधी आपल्याला मिळते. कार्डावर साधारणपणे कोणती गोष्ट, कधीपासून, कशी शिकलात आणि ती का आवडते असे मुद्दे असतात. मातीचे भांडे, एका रुंद तोंडावर ताणून बसवलेले कातडे, दुसरे लहान तोंड उघडे. एका हाताने कातड्यावर वाजवायचे आणि दुसऱ्या हाताने उघडे तोंड झाकत-उघडत नाद बदलायचा, एवढे वर्णन दोन-तीन वाक्यांत होते आणि त्यावर थांबावे. पूर्वी घोरपडीचे कातडे लावत, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आता बकऱ्याचे लावतात, ही माहिती एका वाक्यात आली तर शोभून दिसते. तिचा मोठा उपयोग असा की पूर्वी असे असायचे आणि आता असे झाले आहे, अशी दोन्ही काळांची वाक्ये तिच्यात सहज येतात. वाचनाच्या पाठ केलेल्या उत्तरात सगळी वाक्ये साध्या वर्तमानकाळात असतात आणि व्याकरणाचा आवाका दाखवायला जागाच उरत नाही.

बोलण्याचा मोठा भाग मात्र आपल्याविषयी असू द्या: काकांनी पहिल्यांदा हातात काय दिले, कोणता ताल जमत नव्हता, शमेळ (काठ्यांनी वाजवायचे चर्मवाद्य) आणि कासाळे (झांज) यांच्याबरोबर वाजवताना कान कोठे ठेवावा लागतो. परीक्षकाला गोव्याचा सांस्कृतिक इतिहास नको असतो. दोन मिनिटे झाली की तो आपल्याला मध्येच थांबवील. ते नियमाप्रमाणे असते, त्याने गुण जात नाहीत आणि मनालाही लावून घेऊ नये.

उत्तर: डिचोलीकर, सध्या डब्लिन

वरील उत्तरातील बहुतेक गोष्टी मला मान्य आहेत, तरीही एका मुद्द्यावर मी असहमत आहे. मी ही परीक्षा दिलेली आहे, आणि परीक्षेच्या खोलीत बसल्यावर डोके किती चालते हे बाहेरून सांगणे सोपे असते. ज्या विषयाचे शब्द आपल्या तोंडी इंग्रजीत कधीच आलेले नाहीत, असा विषय निवडणे धोक्याचे आहे. घुमट आपण मराठीत आणि कोंकणीत जगतो. कातडे ताणणे, ताल चुकणे, आरतीची लय चढत जाणे, हे इंग्रजीत बोलायची वेळ आपल्यावर कधी आली? ऐनवेळी शब्द शोधत बसलो की वाक्य तुटते, आणि ओघासाठीचे गुण तेथेच घसरतात.

मी कुळागरात (पोफळीच्या बागेत) वडिलांना मदत करीत असे, आणि फुटबॉलही खेळत असे. परीक्षेत फुटबॉलविषयी बोललो, कारण सामने इंग्रजी समालोचनासह पाहून त्याची सगळी शब्दसंपदा आधीच कानात होती. कुळागर मला अधिक प्रिय आहे. पण पोफळी, पाट, शिंपणे हे सगळे इंग्रजीत सांगण्याची तयारी माझ्यापाशी नव्हती. ताईंनीही स्वयंपाक, बागकाम किंवा चालायला जाणे असा एखादा विषय हाताशी ठेवावा असे मी सुचवीन. तो खोटा नसावा, एवढे पुरे.

आणखी एक. परीक्षक समोर बसलेला असेलच असे नाही. बऱ्याच ठिकाणी हे संभाषण व्हिडिओ कॉलवर होते. अशा वेळी हातवारे करून वाद्य दाखवण्याचा मोह अनावर होतो आणि तोंड बंद पडते.

उत्तर: म्हापशाचा शिक्षक

डिचोलीकरांचा आक्षेप योग्य आहे, पण त्यावरचा उपाय विषय बदलणे हाच आहे असे मला वाटत नाही. फुटबॉलचे शब्द त्यांच्या कानात होते, कारण ते वर्षानुवर्षे ऐकत आले. घुमटाचे शब्द आठवडाभरात कानात बसवता येतात, कारण ते फार नाहीत: माती, कड, कातडे, ताल, पथक, सराव, विधी, यांच्यासाठी आणि आणखी पाच-दहा गोष्टींसाठी इंग्रजी शब्द पाहून ठेवावेत. उत्तर पाठ करणे आणि शब्द तयार ठेवणे यांत फरक आहे. रोज मोबाइलवर दोन मिनिटे बोलून ध्वनिमुद्रण करावे, आणि प्रत्येक वेळी सुरुवात वेगळ्या ठिकाणाहून करावी, म्हणजे वाक्यांचा साचा पक्का होत नाही. तरीही एखादा शब्द सुचला नाही तर ती वस्तू काय काम करते हे सांगून पुढे जावे. अशी वळसा घालून सांगण्याची हातोटी शब्दसंपदेच्या निकषात जमेचीच बाजू मानली जाते.

स्वयंपाकाचा पर्याय हाताशी असावा, हे मात्र मान्य. कार्ड आपण निवडत नाही. खुल्या हवेतला छंद सांगा असे कार्ड आले तर घुमट कामाचा नाही. तेथे माटोळीसाठी रानात जाणे उपयोगी पडेल.

प्रतिसाद: फोंड्याची परिचारिका

दोघांचेही मनःपूर्वक आभार. माटोळी अशा कार्डासाठी चालेल हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. काल रात्री ध्वनिमुद्रण करून पाहिले. अर्ध्या मिनिटातच सांगण्यासारखे संपले, कारण घुमटाचे वर्णन झाल्यावर मी तो आवडतो एवढेच पुन्हा पुन्हा सांगत राहिले. का आवडतो, हे कसे वाढवावे? तसेच, लहानपणापासून वाजवते आहे हे वाक्य मी नेमके कसे म्हणावे? माझ्या मैत्रिणीच्या मते मी सांगते ते चुकीचे आहे.

उत्तर: मडगावची प्राध्यापिका

आपल्या मैत्रिणीचे बहुधा बरोबर असावे. मराठीत आपण लहानपणापासून वाजवते आहे असे म्हणतो, त्याच घडणीवर इंग्रजीत ‘आय अॅम प्लेइंग सिन्स चाइल्डहुड’ असे वाक्य तयार होते आणि ते चुकते. तेथे ‘आय हॅव बीन प्लेइंग’ हवे. छंदाच्या विषयात ही चूक सर्वाधिक ऐकू येते, कारण प्रत्येकाला कधीपासून हे सांगावेच लागते. दुसरी नेहमीची चूक म्हणजे ‘आय अॅम हॅविंग अ हॉबी’. या दोन जागा सुधारल्या तरी बोलणे पुष्कळ स्वच्छ वाटते. आपल्याला हव्या असलेल्या ७ व्या बँडसाठी वाक्ये वारंवार बिनचूक यावी लागतात. सगळीच्या सगळी यावीत अशी अट नाही.

उच्चारांबाबत आपल्याकडे अकारण न्यूनगंड आहे. गोव्याची ढब असली म्हणून गुण जात नाहीत. समजण्यात अडथळा आला तर जातात. ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ यांच्यासाठी आपल्याकडे एकच व असल्यामुळे ते दोन ध्वनी एकसारखे येतात, तेवढे पाहावे. आणि शब्दातील आघात. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अवयवावर (एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या तुकड्यावर), ‘फोटोग्राफर’मध्ये दुसऱ्यावर असतो, ‘इन्स्ट्रुमेंट’मध्ये पहिल्यावर. घुमट हा शब्द आपल्यासारखाच उच्चारावा, तो इंग्रजी करण्याच्या फंदात पडू नये. वाक्याच्या शेवटी आपण गोव्यात जो ‘नो?’ लावतो, तो मात्र शक्य तितका आवरावा. मला स्वतःला तो गोड वाटतो, पण प्रत्येक वाक्यामागे आला की परीक्षकाच्या कानाला खटकतो.

का आवडतो याचे उत्तर भावनेच्या शब्दांनी वाढत नाही, तुलनेने वाढते. रुग्णालयातील कामात प्रत्येक कृती नोंदवावी लागते, आणि पथकात बाकीच्यांच्या हाताकडे पाहून आपला हात आपोआप चालतो, असा काही फरक आपल्याला जाणवत असेल तर तो सांगा. पथकात कोण कोण असते, वयाचे अंतर किती, भांडणे कशावरून होतात, हेही याच मुद्द्याखाली येते. आपण पूर्वी फक्त पुरुषांना वाजवताना पाहत होता का? तसे असेल तर तेथे बोलायला अर्धे मिनिट सहज मिळेल.

तिसऱ्या भागाविषयी येथे कोणी फारसे बोललेले नाही, म्हणून लिहिते. घुमटाचे कार्ड संपल्यावर परीक्षक घुमट सोडून देईल आणि विचारील की पारंपरिक कला शाळेत शिकवाव्यात का, पूर्वीच्या तुलनेत लोकांना छंदासाठी कमी वेळ मिळतो का, छंदातून पैसे मिळवू लागल्यास त्यातला आनंद जातो का. अशा प्रश्नांना पुष्कळ उमेदवार पुन्हा मी, माझे काका, आमचा वाडा असेच उत्तर देतात. येथे समाजाविषयी बोलणे अपेक्षित आहे: काही लोकांना असे वाटते, तर शहरातील पालकांना तसे वाटते, याचे कारण अमुक असावे. मत ठाम नसले तरी चालते. घरचे उदाहरण द्यायचेच असेल तर सर्वसाधारण विधान आधी करून, मग ते एका वाक्यात द्यावे. प्रश्न कळला नाही तर तसे सांगून तो पुन्हा विचारण्याची विनंती करता येते, आणि या भागात परीक्षक तो वेगळ्या शब्दांतही मांडू शकतो. पहिल्या भागात त्याला तेवढी मोकळीक नसते.

आपले पुढचे ध्वनिमुद्रण घुमटाऐवजी या तीन प्रश्नांवर करून पाहावे. प्रत्येकी चार-पाच वाक्ये पुरतील.