मदत हवी आहे : खडा असताना सोडा चालतो काय? लवकर सांगा

बेळगावी_बंड्या : भावाला खडा झालाय. डॉक्टरांनी भरपूर पाणी प्या म्हणून सांगितलंय, खरं हा पाणी सोडून सोडाच ढोसूलालाय. बोललं की म्हणतो, सोड्यात पाणीच असतंय की. चालतंय का नाही तेवढंच सांगा. रात्री कळ आली की गाडी मलाच काढावी लागते.

निपाणीकर : खडा कुठं? किडनीत की पित्ताशयात? सोडा कुठला, बाटलीतला साधा, लिंबू-मसाला की काळं कोल्ड्रिंक?

बेळगावी_बंड्या : किडनीचाच हो. सोडा म्हणजे सोडा, त्यात काय एवढं.

खानापूर_रोड : सोडाबिडा राहू दे. रोज सकाळी कुळथाचं कढण द्या. आमच्या सासऱ्यांचा खडा त्यानंच पडला.

चिकोडीची_सून : बारीक असेल, ५ मिलिमीटरच्या आतले बहुतेक आपसूक पडतात. श्रेय कुळथाला.

खानापूर_रोड : तुम्ही होता काय तिथं बघायला?

चोर्ला_घाट : बिअर द्या एक. घाट उतरला की गोव्यात स्वस्त पण आहे.

चिकोडीची_सून : हे कोण पसरवतंय देव जाणे. बिअरनं लघवी होते तेवढ्यापुरती, नंतर अंगातलं पाणी कमी पडतं आणि युरिक अॅसिड वाढतं ते वेगळंच. खडेवाल्याला हेच सांगायचं राहिलं होतं!

लॅबवाला_शहापूर : बंड्या, निपाणीकरांनी बरोबर विचारलंय. साधा सोडा म्हणजे पाण्यात दाबानं भरलेला कार्बन डायऑक्साइड. त्यानं पोट फुगेल, ढेकर येतील, जळजळ असेल तर वाढेल, खरं खड्याचं फारसं बिघडत नाही. लिंबू चांगलंच, त्यातलं सायट्रेट कॅल्शियमचा खडा धरू देत नाही. मात्र मसाला सोड्यात चमचाभर मीठ मारतात, आणि मीठ वाढलं की लघवीतून कॅल्शियम जास्त जातं. काळ्या कोल्ड्रिंकमध्ये फॉस्फोरिक अॅसिड आणि मरणाची साखर. ६०० मिलीच्या बाटलीत ६० ग्रॅमच्या वर. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला वरची साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते, २५ च्या आत असेल तर उत्तम. खडेवाल्यानं पहिलं बंद करायचं ते हेच. आता सांग, तो नक्की काय पितो?

बेळगावी_बंड्या : दुकान उघडलं की काळी बाटली, मोठी. दुपारी स्टँडसमोर मसाला सोडा, दोन तरी होतात. रिपोर्टात ६ मिमी लिहिलंय.

निपाणीकर : हे आधी सांगायला काय झालं होतं?

कॅम्पातला_जुना : आमच्या वेळचा गोळी सोडा राहिलाय काय हो कुठं? बोटानं गोळी दाबली की फस्सकन आवाज. त्या जुन्या काचेच्या बाटल्या कुणाकडं असतील तर मी घेतो.

खानापूर_रोड : कोल्ड्रिंक घरी उरलं तर टाकू नका, गंजलेले नट त्यात भिजवले की सुटतात.

बेळगावी_बंड्या : मी नटाचं विचारलंय काय??

लॅबवाला_शहापूर : ६ मिमीचा पडेलच असं नाही, डॉक्टरांनी दिलेली तारीख चुकवू नका. काळी बाटली आणि मसाला सोडा बंद. दिवसाला अडीच लिटर लघवी व्हायला पाहिजे, म्हणजे पाणी त्याच्याही वर. रंग फिकट दिसला की समजायचं पुरतंय. लिंबूपाणी दे, मीठ-साखर न घालता. कळेसोबत थंडी वाजून ताप आला किंवा लघवीच अडली तर इथं लिहीत बसू नको, तसाच गाडीत घाल. आणि लघवी गाळणीतून करायला सांग. खडा सापडला तर लॅबला दे, कशाचा आहे ते कळलं की पथ्य ठरवता येतं.

बेळगावी_बंड्या : चहाची गाळणी? आई दोघांनाही घराबाहेर काढेल.

चिकोडीची_सून : नवी आणा की. खडेबाजारात ढिगानं मिळतात.