उड्डाणांच्या नोंदींतून अपघाताची चाहूल लागू शकते का?

आकडेमोड (धागाकर्ता)

मी पुण्यात एका बँकेसाठी कर्ज बुडण्याचा अंदाज बांधणारी मॉडेल्स तयार करतो; विमानांशी माझा संबंध प्रवाशाइतकाच. १२ जून २०२५ च्या अहमदाबाद अपघाताचा प्राथमिक अहवाल वाचताना त्यातील एका तपशिलावर अडखळलो. विमानाच्या रेकॉर्डरमधून सुमारे ४९ तासांच्या नोंदी मिळाल्या असे त्यात म्हटले आहे, आणि त्या शेवटच्या उड्डाणाचा हवेतील काळ होता जेमतेम अर्ध्या मिनिटाचा. त्या एका अपघाताबद्दल मला काही सुचवायचे नाही. परंतु प्रत्येक विमान रोज अशा नोंदींचा ढीग तयार करत असेल, तर अपघात न झालेल्या हजारो उड्डाणांच्या नोंदींचे पुढे काय होते? त्यांवर मशीन लर्निंग चालवून धोक्याचे भाकीत करणे शक्य नाही का?

जुने लॉगबुक

एका विमान कंपनीच्या उड्डाण सुरक्षा विभागात मी काही वर्षे याच नोंदी वाचण्याचे काम केले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

ब्लॅक बॉक्स रोज उघडला जात नाही. त्याच संवेदकांची माहिती क्विक अ‍ॅक्सेस रेकॉर्डर नावाच्या वेगळ्या उपकरणातही साठते. नव्या विमानांत ती उतरल्यानंतर मोबाइल नेटवर्कवरून आपोआप जमिनीवरच्या सर्व्हरवर येते, जुन्यांत कार्ड काढून आणावे लागते. २७,००० किलोंपेक्षा अधिक वजनाच्या विमानांसाठी अशा नोंदींचे नियमित विश्लेषण करावे, असा आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचा दंडक आहे. भारतातही हे काम चालते, आणि ते बिग डेटा हा शब्द रूढ होण्याच्या आधीपासूनचे आहे.

आता आपल्या भाकिताविषयी. बँकेत दर शंभर कर्जांमागे काही बुडतात, त्यामुळे मॉडेलला शिकायला उदाहरणे मिळतात. आयाटा या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या हिशेबाप्रमाणे २०२४ मध्ये जगभरात ४ कोटी ६ लाख उड्डाणे झाली आणि प्राणघातक अपघात झाले ७, तेही एकमेकांसारखे नाहीत. एवढ्यावर कोणते मॉडेल शिकणार? म्हणून अपघाताचा नाद सोडून त्याच्या आधीच्या पायऱ्या मोजल्या जातात. उतरताना जमिनीपासून १,००० फुटांवर विमानाचा वेग, खाली येण्याचा दर, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेचे हलते भाग) आणि चाके हे सारे ठरलेल्या मर्यादेत असले पाहिजे. तसे नसेल तर तो अस्थिर अप्रोच (अप्रोच म्हणजे उतरण्यासाठी धावपट्टीकडे येणे), आणि वैमानिकाने गो-अराउंड करून, म्हणजे पुन्हा वर जाऊन, नव्याने यावे अशी अपेक्षा असते. फ्लाइट सेफ्टी फाउंडेशनच्या अभ्यासात असे दिसले की अस्थिर अप्रोचपैकी सुमारे ३ टक्क्यांमध्येच गो-अराउंड होतो. उरलेले बहुतेक सुखरूप उतरतात, आणि म्हणूनच ही सवय अंगवळणी पडते. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोडला पावसात उतरणाऱ्या विमानाने ८,८५८ फुटांच्या धावपट्टीवर चाके टेकवली ती सुमारे ४,४३८ फूट ओलांडल्यावर. त्यात २१ जण गेले. तो अप्रोचही अस्थिर होता.

आकडेमोड

सविस्तर उत्तराबद्दल आभार. परंतु मर्यादा आपणच ठरवायच्या आणि त्या ओलांडणाऱ्यांना हेरायचे, यात आपल्याला आधीच माहीत असलेलेच धोके सापडतील. जे कोणाच्या मनातच आले नाही, त्याचे काय?

रडारवाला

आपली शंका रास्त आहे, पण वॉशिंग्टनचे उदाहरण याहून अस्वस्थ करणारे आहे, कारण तिथे धोका नोंदींत स्वच्छ दिसत होता.

२९ जानेवारी २०२५ रोजी रेगन विमानतळावर उतरणारे प्रवासी विमान आणि लष्करी हेलिकॉप्टर यांची टक्कर होऊन ६७ जण मृत्युमुखी पडले. नंतर तेथील राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने ऑक्टोबर २०२१ ते डिसेंबर २०२४ या काळातील ९,४४,१७९ व्यावसायिक विमानफेऱ्या तपासल्या. विमान आणि हेलिकॉप्टर यांच्यातील आडवे अंतर एका सागरी मैलाहून कमी आणि उभे अंतर ४०० फुटांहून कमी, अशा १५,२१४ घटना निघाल्या. त्यांपैकी ८५ वेळा तर ही अंतरे १,५०० आणि २०० फुटांच्याही आत होती. हेलिकॉप्टरचा ठरलेला मार्गच असा होता की, त्याने २०० फुटांची कमाल उंची काटेकोर पाळली, तरी ३३ क्रमांकाच्या धावपट्टीकडे येणाऱ्या विमानाच्या वाटेपासून उभे अंतर सुमारे ७५ फूट राहू शकत होते.

या घटना हुडकायला कोणतेही हुशार अल्गोरिदम लागले नसते. दोन अंतरे मोजणे पुरेसे होते. अमेरिकेत अनेक विमान कंपन्यांच्या नोंदी एकत्र करून अभ्यासणारी व्यवस्था २००७ पासून आहे. मॉडेल कोणते वापरावे या चर्चेत आपण रमतो (मीही रमतो); पण नोंदींना नेमका हा प्रश्न विचारणे हे कोणाचे काम, ते आधी ठरले पाहिजे.

पूर्वा_द

प्रश्न विचारणारा चुकीचा असला तरी गोंधळ होतो, एवढे जोडते. माझा भाऊ वैमानिक आहे. त्याच्या पूर्वीच्या कंपनीत चाके जरा आपटली की दुसऱ्या दिवशी आलेख समोर ठेवून जाब विचारला जाई. परिणामी सगळे अलगद उतरण्याच्या खटपटीला लागले. विमान जमिनीलगत तरंगत ठेवले की ते हळुवार टेकते खरे, पण तोवर धावपट्टी मागे सरकत असते. नोंदी शिक्षेसाठी वापरू नयेत हे नियमांत लिहिलेले असते, पण बोलावणे आलेल्या माणसाला ते पटवणार कसे?

जुने लॉगबुक

पूर्वाताई, हे अगदी घडते आणि त्यात दोष मोजणाऱ्यांचा असतो. केवळ आपटण्याचा जोर मोजला, तर आकडा सुधारतो आणि विमाने धावपट्टीवर पुढे पुढे उतरू लागतात. आम्हीही आधी तेच करत होतो. पुढे जोर आणि चाके टेकल्याची जागा एकाच आलेखावर मांडायला घेतली, ओल्या धावपट्टीवरची उड्डाणे वेगळी काढली आणि वैमानिकांची नावे पडद्यावरून हटवली. ती केवळ एका विश्वासातल्या ज्येष्ठ वैमानिकाकडे राहत आणि गरज पडल्यास फोन तोच करी. पहिले काही महिने वैमानिक त्याच्याशीही जपूनच बोलत. मग एकाने आपणहून सांगितले की एका ठरावीक विमानतळावर हवाई नियंत्रक त्यांना नेहमी फार उशिरा खाली येऊ देतात, त्यामुळे अप्रोच बिघडतो. आम्ही त्या विमानतळाच्या नोंदी वेगळ्या काढून पाहिल्या, तर त्याचे म्हणणे खरे निघाले. आमच्या सॉफ्टवेअरने ती उड्डाणे आधीच पकडली होती, परंतु प्रत्येकाची नोंद स्वतंत्रपणे, वैमानिकाची चूक म्हणून झाली होती.