आत्मपरीक्षण, झडती की काटा?

गिरीजकर: आमच्या चर्चसाठी ईस्टरआधीच्या उपवासकाळाची छोटी पुस्तिका इंग्रजीतून मराठीत करतोय. हा काळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारपासून रोज बायबलचा एक उतारा वाचायचा, मग त्यातूनच स्वतःला दोन-तीन प्रश्न विचारायचे. अडलोय ते 'एक्झामिनेशन ऑफ कॉन्शन्स'पाशी, म्हणजे आपण कुठे चुकलो हे मनाशी तपासणं. 'सदसद्विवेकबुद्धीचे परीक्षण' असं लिहिलं, तर आईने विचारलं, "पेपर किती मार्कांचा?"

तळटीप: 'आत्मपरीक्षण' आहे की तयार.

गिरीजकर: तो शब्द निवडणूक हरलेल्या पक्षांनी पळवलाय.

अर्धविराम: चूक. हरलेले 'आत्मचिंतन' करतात, तेही बंद दाराआड. आत्मपरीक्षण समोरच्याने करायचं असतं.

नगरची सून: आमच्या आजेसासूबाई प्रभुभोजनाच्या, म्हणजे चर्चमधल्या भाकर-द्राक्षरसाच्या विधीच्या, आदल्या रात्री बायबलमधलं स्तोत्र १३९ काढून बसायच्या. वाचून झालं की डोळे मिटून म्हणायच्या, "प्रभू, माझी झडती घे." त्या स्तोत्राची गंमत बघा. सुरुवातीला 'तू मला पारखलं आहेस' असं म्हणून झालंय, तरी शेवटी पुन्हा 'मला पारख' अशी विनवणी आहे. परीक्षण आपण आपलं करतो, म्हणजे पेपर काढणारेही आपण आणि तपासणारेही आपण. झडती दुसरा घेतो. आपण फक्त खिसे उलटे करायचे.

तळटीप: ताई, भावना पोचली, पण झडती पोलिसी शब्द आहे. प्रार्थनेच्या पुस्तकात शोभणार नाही.

मुळाक्षर: पोलीस खातं नव्हतं तेव्हापासून आहे तो. पेशवे दप्तरात 'गावझडती' म्हणजे गावाच्या हिशेबाचा कागद. 'झाडा देणे' म्हणजे हिशेब देणे. सगळं 'झाडणे'वरून आलेलं. गोणी झाडली की तळाचे दाणेही बाहेर येतात, तसं. उपवासकाळाला याहून नेमका शब्द कुठला?

तळटीप: मग मूळच धरायचं तर 'एक्झामेन' या लॅटिन शब्दाचा एक अर्थ तराजूचा काटा. जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोलांनी दिवसातून दोनदा करायला सांगितलेल्या तपासणीचं नावही तेच. 'मनाचा काटा' का नको?

अर्धविराम: वाचणारा मनात रुतलेला काटा शोधत बसेल.

मुळाक्षर: तेही वाईट नाही!

नगरची सून: 'शोभत नाही' हे मला पटत नाही. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल केलं ते खेड्यातल्या बायकांना कळावं म्हणूनच. संस्कृत काय त्यांना येत नव्हतं?

तळटीप: फादर स्टीफन्स या मिशनऱ्याचं १६१६ चं मराठी काव्य, ख्रिस्तपुराणही पाहा. ओवी साधी आहे, पण भाषेचा आब सुटत नाही. सोपं म्हणजे चावडीवरचंच असायला हवं असं नाही.

गिरीजकर: भांडू नका हो. आणखी एक अडचण आहे. शीर्षकात 'उपवासकाळ' ठेवू की 'तपःकाळ'? आणि पानं चाळीस की सेहेचाळीस? रविवार उपवासात धरत नाहीत, पण वाचन तर रोजचं आहे.

नगरची सून: आमच्याकडे सरळ 'लेंत'. गोव्याची जाऊ 'करेज्म' म्हणते.

अर्धविराम: मला एक सांगा, या उपवासाला साबुदाणा चालतो का?

गिरीजकर: साबुदाण्याचं काही नाही. राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे, हे दोन दिवस एकवेळच पोटभर जेवण. मांस वर्ज्य. मासळी चालते.

अर्धविराम: मासळी चालते?! मग त्याला उपवास का म्हणायचं?

मुळाक्षर: उप अधिक वास. जवळ राहणे. ताटाचा संबंधच नाही.

तळटीप: ही व्युत्पत्ती कीर्तनकारांची लाडकी. आमच्या घरी 'उपास'च म्हणतात आणि त्या दिवशी जेवण दुप्पट होतं.

गिरीजकर: मंडळी, पुस्तिका शनिवारी छापायला जातेय.

अर्धविराम: हो हो. पण सुकट चालते का ते सांगा आधी.